नानांचा खड्डा कुठे गेला?

चि. ——— यास,
समता कॉलोनी, रायपूरहून काकूकडून.

नाव मुद्दाम गाळलं आहे. तुला कळेल, तुझ्या आईच्या ओळखीतल्या चार घरांना कळेल, बाकीच्यांना कळायची गरज नाही. पण पत्र मात्र उघड लिहिते आहे. फोनवर लिहिलेलं तू वाचतोस, खाली निळ्या खुणा उमटतात, आणि पुढे काही होत नाही. म्हटलं, चारचौघांनी वाचलं तर निदान तुला उत्तर द्यायची लाज तरी वाटेल.

काय झालं ते मी सांगत बसत नाही. काकांच्या मनगटाचा एक्स-रे तुला पाठवला होता. बोर्ड उघडल्यावरचा फोटोही पाठवला होता. त्यावर तू लिहिलंस, "अरे बापरे! टेक केअर काकू." आणि एक अंगठा.

काळजी आम्ही घ्यायची, ना? मग तुझ्या वाटची कोणी घ्यायची?

काकांना बाथरूमच्या नळाला शॉक बसला म्हणून मी रागावले आहे असं समजू नकोस. वीज आहे, यंत्रं बिघडतात, वायरी कुजतात. साठीच्या पुढे गेलेल्या बाईला एवढं कळतं. मला राग आहे तो त्या दीड इंची लाल तारेच्या तुकड्याचा. रामकुंडातला म्हातारा मिस्त्री आला, मेन बंद केला, गिझरच्या सोळा अँपियरच्या सॉकेटची पट्टी सोडवली आणि तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. वरच्या मोठ्या छिद्राला, अर्थिंगच्या पिनेला, भिंतीतून कुठलीच तार येत नव्हती. न्यूट्रलच्या स्क्रूपासून एक तुकडा वर नेऊन त्या पिनेला पिळून टाकला होता. वर इन्सुलेशन टेपही नाही. दोन्ही टोकं मात्र नीट सोललेली, स्क्रू घट्ट आवळलेले. काम करणाऱ्याचा हात सराईत होता.

हे घाईत राहून गेलेलं काम नाही रे. राहून गेलं असतं तर पीन मोकळी असती. मोकळी पीन तपासणीत लगेच सापडते, फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला की दिवा लागत नाही. हा तुकडा टाकला की दिवा लख्ख लागतो. तपासणारा म्हणतो, अर्थिंग आहे. म्हणजे तो तुकडा वीज वाहून न्यायला टाकलेलाच नव्हता, तपासणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकायला होता. दाराला कडी लावावी आणि चौकटीत तिचं भोकच पाडू नये, तसला प्रकार. आतल्या माणसाला वाटतं, दार लागलेलं आहे.

तुला हे माहीत नव्हतं असं तू म्हणशील. ठेकेदाराने केलं, म्हणशील. ठेकेदार कोणी नेमला होता? "काकू, माझा माणूस आहे, डोळे झाकून विश्वास ठेवा," हे वाक्य कोणाचं?

पुढचं तुला फोनवर सांगितलं नव्हतं, कारण तू मीटिंगमध्ये होतास. त्या माणसाने गिझरचा स्विच फेजवर न लावता न्यूट्रलवर लावला होता. तू दहावीला माझ्याकडे विज्ञान शिकलास, तेव्हा हे तुला समजवावं लागणार नाही, तरी बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी लिहिते. असा खटका बंद केला की वीज थांबत नाही, तिची परतीची वाट तेवढी बंद होते. फेज टाकीतल्या एलिमेंटपर्यंत आलेलाच असतो. आणि त्या तुकड्यामुळे गिझरची पत्र्याची टाकी त्याच अडलेल्या न्यूट्रलला बांधलेली. पाणी तापलेलं असेपर्यंत थर्मोस्टॅटने जोडणी तोडलेली असते, म्हणून काही होत नाही. काकांनी गरम पाण्याचा नळ सोडला, टाकीत थंड पाणी शिरलं, थर्मोस्टॅट जुळला, आणि एलिमेंटमधून वीज येऊन आख्खी टाकी फेजवर चढली.

कळलं का? चालू असताना टाकी न्यूट्रलवर. बंद केला की टाकी जिवंत.

आंघोळीला जाण्याआधी गिझर बंद करायचा, ही या घराची रीत. ती तुझ्या वडिलांनी, नानांनी घातलेली. गिझर बंद केल्याशिवाय त्यांनी कुणाला बाथरूमची कडी लावू दिली नाही. तू केलेल्या नव्या बाथरूममध्ये नानांची ही रीत पाळणं हाच मरणाचा रस्ता झाला होता. मिस्त्री म्हणाला, नळापर्यंत प्लॅस्टिकचा पाइप आहे म्हणून वाचले. पाइपातल्या पाण्यातून आली तेवढीच वीज नळात आली. वर हात करून टाकीची ती स्टीलची विणलेली नळी धरली असती, तर मनगटाच्या एक्स-रेवर भागलं नसतं.

नाना आज असते तर तू त्यांच्याशी काय बोलला असतास?

तुला त्यांचा परसातला खड्डा आठवतो ना? पेरूच्या झाडापलीकडे, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीपासून चार पावलांवर. तांब्याची पट्टी, खाली मीठ आणि कोळशाचे थर, वर सिमेंटची छोटी पेटी आणि तिच्यात उतरणारा पाइप. नाना काही इंजिनिअर नव्हते, सरकारी कचेरीतले कारकून होते, पण अर्थिंगच्या बाबतीत देवपूजेसारखा नेम. मे महिन्यात रायपूरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की रोज संध्याकाळी एक बादली पाणी त्या पाइपात. तुळशीला आधी की खड्ड्याला आधी, यावरून तुझी आई त्यांना चिडवायची.

ते खूळ नव्हतं. आपल्या पायाखाली काय आहे? मुरूम, आणि खाली चुनखडी. या चुनखडीवरच तर आसपास एवढे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. मुरूम उन्हाळ्यात वाळून टणक होतो, आणि वाळलेल्या जमिनीत वीज उतरायला वाव मिळत नाही. अर्थिंग नुसतं गाडून चालत नाही, ते ओलं ठेवावं लागतं. मातीशी त्याचं नातं टिकवावं लागतं. आणि याच चुनखडीमुळे आपल्या बोअरचं पाणी जड. गिझरच्या एलिमेंटवर पांढरं कीटण बसतं, त्याखाली एलिमेंट नको तेवढं तापतं, एक दिवस त्याच्या आवरणाला बारीक चीर जाते आणि वीज पाण्यात झिरपायला लागते. म्हणजे ज्या गावात गिझर लवकर गळका होतो, त्याच गावात अर्थिंगही लवकर वाळतं. नानांना हे दोन्ही ठाऊक होतं. म्हणून वर्षातून एकदा एलिमेंट काढून घासून घेत, आणि बादली चुकवत नसत.

तो खड्डा आता कुठे आहे? तुझ्या गाडीखाली. म्हणजे तू आलास की जी गाडी उभी राहते तिच्याखाली, एरवी तिथे रिकामी फरशी असते. परसात पेव्हर ब्लॉक टाकताना तुझ्या माणसांनी पेटी फोडली, पाइप कापला, वर वाळू ओतली आणि ब्लॉक बसवून मोकळे झाले. घराकडे येणारी पट्टी ड्रेनेजची नवी लाइन खणताना तुटली. तिचं एक टोक मागच्या भिंतीत अजून लोंबतं आहे. म्हणशील तर फोटो पाठवते, पण आता तुला फोटो पाठवायचा मला कंटाळा आला आहे.

त्या दिवशी मी गॅलरीतून ओरडले होते, "अरे, तिथे नानांचं अर्थिंग आहे." तू खालून हात हलवून म्हणालास, "काकू, आता कोणी असले खड्डे करत नाही. केमिकल अर्थिंग करून घेऊ, मॉडर्न."

घेऊ. कोणी, कधी?

तुझ्या वचनांची मी वही ठेवलेली नाही, पण सगळी लक्षात आहेत. बाथरूम तोडायच्या आधी म्हणालास, वायरिंग आधी, टाइल्स नंतर. मग टाइल्स आल्या, इटालियन दिसणाऱ्या, आणि वायरिंग जुन्याच पाइपातलं जुनंच राहिलं. आरशामागे दिवे आले. फॉल्स सीलिंग आलं. बोट लावलं की तापमान दाखवणारा गिझर आला. भाडं वाढलं, "नवीन बाथरूम आहे ना काकू," असं तूच गोड हसून म्हणालास, आणि आम्हीही हूं का चूं न करता वाढवून दिलं. पहिल्यांदा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तेव्हा सांगितलं. तू म्हणालास, दिवाळीत येतोय, समोर उभं राहून करून घेतो. दिवाळीत आलास. चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला आलास, व्यासपीठावर बसलास, पाहुण्यांबरोबर फोटो काढलेस. बाथरूममध्ये मात्र हात धुवायलासुद्धा डोकावला नाहीस.

त्यानंतर म्हणालास, एमसीबी नवीन बसवलेत, आता घाबरायचं कारण नाही.

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. कारण हे तू म्हणालास. ओमचा नियम तुला मी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवला आहे. तेव्हा दाबाला रोधाने भागायला तुला पंधरा मिनिटं लागायची, पण एकदा कळलं की चुकत नव्हतास. आता भाग बघू. दाब 230 व्होल्ट. अंग ओलं, पाय ओल्या फरशीवर, अशा माणसाचा रोध साधारण हजार ओहम धर. किती आले? 0.23 अँपियर. 230 मिलिअँपियर. आणि तुझा नवीन एमसीबी कितीचा? सोळाचा. त्याला पडायला निदान सोळा अँपियरच्या वर प्रवाह हवा. माणसातून त्याच्या सत्तराव्या हिश्श्याइतकी वीज गेली तरी माणूस जातो, आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. लागायचं कारणच नाही. दोन हजार वॅटचा गिझर सरळपणे चालतानाही पावणेनऊ अँपियर घेतो. एमसीबी भिंतीतल्या तारेला वाचवतो, आग लागू नये म्हणून. माणसाला वाचवणं हे त्याचं काम कधी नव्हतंच.

माणसासाठी जे असतं ते आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो. दोघांत 30 मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज वाट सोडून कुणाच्या तरी अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत चालली आहे, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडून टाकतो. वर एक छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटकन पडला तर तो जागा आहे. किंमत? तुझ्या आरशामागच्या दिव्यांपेक्षा कमी. मी दुकानात जाऊन विचारून आले.

आणि हा 30 चा आकडा मी मनाने काढलेला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षेच्या नियमांत घरगुती वापरासाठी गळतीची हीच मर्यादा लिहिलेली आहे, 2023 च्या नव्या नियमांत. माणसाला किती वीज सोसते ते कसं मोजलं तेही तुला एकदा सांगितलं होतं, तुला गोष्ट म्हणून आवडली होती. अमेरिकेत बर्कलीला चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या हातात तार देऊन मोजलं, किती विजेपर्यंत माणूस आपल्या मर्जीने ती तार सोडू शकतो. पुरुष सरासरी सोळा मिलिअँपियरपर्यंत, बायका साडेदहापर्यंत. त्यापुढे मूठ आवळली जाते आणि उघडत नाही. पुढे 1961 मध्ये याच डॅलझील यांनी गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र काढलं, आणि 1975 पासून अमेरिकेच्या वीजसंहितेने बाथरूममधल्या सॉकेटांना ते सक्तीचं केलं. 1975! तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता.

श्रीमंतांच्या बाथरूममध्ये असं होत नाही, असंही नाही. क्लोद फ्रान्स्वा म्हणून फ्रान्सचा मोठा गायक होता, नानांच्या जुन्या रेडिओवर कधीमधी त्याचं गाणं लागायचं. 11 मार्च 1978 ला पॅरिसच्या आपल्या घरात टबात असताना त्याने भिंतीवरच्या दिव्याला हात लावला. एकोणचाळीस वर्षांचा होता. पण तो निदान स्वतःच्या घरात गेला रे. भाड्याच्या घरात दुसऱ्याच्या हलगर्जीने जाणं, याला काय म्हणायचं?

आता तुझ्या घराकडे येते. तुझ्या तिकडच्या घराकडे.

लंडनजवळच्या त्या फ्लॅटमध्ये तू गेलास तेव्हा व्हिडिओवर आम्हाला सगळं घर दाखवलं होतंस. बाथरूमचा दिवा छताला लोंबणारी दोरी ओढून लावायचा, ते बघून काका केवढे हसले होते. तू म्हणालास, इथे ओल्या हाताने स्विचला हात लागू नये म्हणून असं करतात. आत साधं सॉकेट नाही, दाढीच्या मशीनपुरतं एक वेगळं, त्याला ट्रान्सफॉर्मर लावलेला. आणि मग तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस की इथे कायदाच आहे काकू, घरमालकाला दर पाच वर्षांनी आख्ख्या घराचं वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं आणि रिपोर्टची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. 2020 चा कायदा. मोडला तर तेव्हा 30 हजार पौंडांपर्यंत दंड होता. तुझ्या घरमालकाने रिपोर्ट द्यायला उशीर केला तेव्हा तू त्याला कडक मेल टाकली होतीस, आणि तीही आम्हाला वाचून दाखवली होतीस.

तिथे तू भाडेकरू. इथे आम्ही. मग आमच्या मेलचं काय झालं?

तुझ्या अंगात आणि आमच्या अंगात रोध वेगळा आहे का रे? तिकडे तू दर महिन्याला ज्या हक्कासाठी भाडं भरतोस, तोच हक्क आम्ही इकडे भाडं भरून मागितला की "काकू, इंडियामध्ये एवढं कोण बघतं?" कोण बघतं म्हणजे काय? तुझे वडील बघत होते. भर दुपारी चपला न घालता परसात जाऊन बघत होते. आपल्या देशात वीज लागून दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात, सरकारच्याच अपघाती मृत्यूंच्या अहवालात ते छापलेलं असतं, आणि त्यातल्या कितीतरी घरांत असाच कुणीतरी "एवढं कोण बघतं" म्हणणारा असणार.

इथेही कायदा आहे बरं. छत्तीसगडचा 2011 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याचं अधिकरण रायपुरातच आहे. शेजारच्या वकीलबाईंनी मला दोनदा सुचवलं. मी म्हटलं, माईच्या मुलावर मी अर्ज करायचा? तुझ्या आईच्या, म्हणजे माईच्या, शेवटच्या आजारपणात रात्रीचा डबा आमच्याकडून खाली जायचा. ती म्हणायची, हे घर आता तुमच्या दोघांच्याच भरवशावर. आम्ही या घरात राहिलो ते त्या शब्दावर. तात्यापाऱ्यात काकांच्या भावाचा वाडा आहे, तिथे दोन खोल्या मिळत होत्या. गेलो नाही. मराठी घर, ओळखीची माणसं, वरखाली हाका मारता येतात, अजून काय हवं म्हातारपणी, असं वाटलं.

तू त्या शब्दाला जागला असतास तर मला आज अँपियर आणि ओहम मोजत बसावं लागलं नसतं.

एक गोष्ट मान्य करते. तू वाईट नाहीस. पैशांच्या बाबतीतही तू कंजूष नाहीस, काकांच्या प्लास्टरचे पैसे न मागता पाठवलेस. पण तुझा पैसा दिसणाऱ्या जागी जातो. टाइल दिसते, आरसा दिसतो, व्हिडिओ कॉलवर दाखवता येतो. मातीत पुरलेली तांब्याची पट्टी कोणाला दाखवणार? तिचं काम एवढंच की काही होऊ नये, आणि काही झालं नाही तर कोणी शाबासकी देत नाही. नानांना शाबासकी नकोच होती. ते या घरात स्वतः आंघोळ करत होते, त्यांची बायको, त्यांची पोरं करत होती. तुझ्या आणि या बाथरूमच्या मध्ये आता सात-आठ हजार किलोमीटर आहेत. फरक तिथे पडला असावा. पण अंतर वाढलं की जबाबदारी पातळ होते, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही.

असो. काकांचा हात बरा होतो आहे. बोटांना अजून बधिरपणा आहे, चहाचा कप डाव्या हाताने धरतात. नवा गिझर तूर्त बंद, प्लग काढून ठेवला आहे, पाणी गॅसवर तापवून बादलीने नेते. त्याचं मला काही नाही, आयुष्यभर तेच केलं.

पण खालच्या मजल्यावर तू ज्या तीन मुलींना घर दिलं आहेस त्यांचं काय? नर्सिंगला आहेत, एक महासमुंदची, दोघी जगदलपूरकडच्या. त्यांच्या बाथरूममध्ये तू गिझर दिलाच नाहीस, "मुली आहेत, वर्ष-दोन वर्षं राहतील" म्हणालास. त्या एक्स्टेन्शन बोर्ड दारातून आत ओढतात, स्टीलच्या बादलीत रॉड टाकतात आणि पाणी तापलं का ते बोट बुडवून बघतात. सॉकेट तोच, तुझ्या माणसाने बसवलेला. मिस्त्रीने उघडून पाहिला. तिथेही तसाच तुकडा.

मी त्यांना रॉड वापरू दिला नाही. सकाळी त्यांचंही पाणी वर माझ्याकडे तापतं. डिसेंबर-जानेवारी असा काढला, पण हे मी किती दिवस करणार आणि का करू? भाडं तर तू घेतोस ना?

म्हणून आता ठरवलं ते सांगते, परवानगी मागत नाही. येत्या रविवारी मिस्त्री येतो आहे. दोन्ही मजल्यांवरचे ते तुकडे तो काढेल, स्विच फेजवर घेईल, मेन बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवेल, आणि परसातले तुझे पेव्हर ब्लॉक उचलून नवा खड्डा करेल. नानांची जागा मला बरोबर माहीत आहे. केमिकल घालायचं की मीठ-कोळसा, ते मिस्त्री ठरवेल, पण वर झाकण राहील आणि पाणी घालायला पाइप राहील. म्हणजे तिथे गाडी उभी करता येणार नाही. तू आलास की रस्त्यावर लाव, सगळे लावतात.

बिल तुझ्या नावावर करायला सांगितलं आहे. पुढच्या भाड्यातून वळतं करून घेईन आणि पावतीचा फोटो पाठवेन, निळ्या खुणा येवोत न येवोत.

राहिलं एक काम, ते मी करणार नाही. त्या तीन मुलींचे आईवडील तुझ्याकडे येऊन, तुझ्या हातात डिपॉझिट ठेवून, "भैया, बच्चियों का ध्यान रखना" म्हणून गेले होते. त्यांच्या मुली कसल्या सॉकेटवर पाणी तापवत होत्या, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. नंबर तुझ्याकडे आहेत. रविवारच्या आधी तिन्ही घरी फोन कर, आणि स्वतः कर, ठेकेदाराला सांगू नकोस.

काकू
समता कॉलोनी, रायपूर